पुस्तकांच्या नावावर फराळ

२००६ च्या दिवाळीत माझ्या आत्याच्या चकल्या पुस्तके म्हणून विकल्या गेल्या. विकल्या तिच्या घरूनच, पण त्यांचे पैसे आमच्या दुकानातल्या कार्डाच्या मशीनवर घेतले गेले आणि बँकेच्या लेखी त्या रात्री इंदूरच्या खजुरी बाजारातल्या एका दुकानाने ३,८६० रुपयांची पुस्तके विकली. या एका व्यवहारापायी पुढचे सात महिने आमच्याकडे कार्ड चालले नाही. तेव्हा मला बँकेचा विलक्षण राग आला होता. आता तो बराच उतरला आहे, कारण ज्या नियमाने आम्हाला पकडले त्याची पुढची हकीकत आमच्या फजितीपेक्षाही मजेदार निघाली.

बाबांचे दुकान शालेय पुस्तकांचे. जून-जुलैत उभे राहायला जागा नसे आणि दिवाळीच्या सुमारास माशा मारायची पाळी येई. मशीन घेऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि ते सहज मिळाले नव्हते. बँकेचा माणूस दुकान बघायला आला, गुमास्ता परवाना, चालू खाते आणि भाडेकरार त्याने तपासला, पाटीचे आणि फळ्यांवरच्या पुस्तकांचे फोटो काढले. त्याने विचारलेला एक प्रश्न मला अजून आठवतो: तुम्ही आगाऊ पैसे घेऊन माल नंतर देता का? बाबांनी अभिमानाने सांगितले, "आम्ही माल आधी देतो आणि पैशांसाठी वाट बघतो." या उत्तराने तो माणूस एवढा खूश का झाला, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

आत्या रामबागेत राहत असे. दिवाळीत भाजणी, चकल्या, अनारसे, शेव, कडबोळी असा फराळ ती ऑर्डरीप्रमाणे करून देई आणि हिशेब वहीच्या मागच्या पानावर ठेवी. त्या वर्षी बंगळूरला स्थायिक झालेल्या एका मूळ इंदूरकर बाईंनी तिच्याकडून अकरा डबे भरून घेतले आणि ऐन वेळी त्यांच्या लक्षात आले की जवळ रोख रक्कम पुरेशी नाही. कार्ड होते. आत्याने मला फोन केला, मी त्यांना स्कूटरवर बसवून दुकानात आणले, अर्धे उघडलेले शटर वर केले आणि कार्ड घासले. मशीन टेलिफोनच्या तारेवर चाले. आधी ते नंबर फिरवी, मग घसा साफ केल्यासारखा आवाज करी आणि बऱ्याच वेळाने पावती बाहेर सोडी. बाईंनी सही केली, मी आत्याला गल्ल्यातून पैसे मोजून दिले आणि आपण एक चांगले काम केले या समाधानात घरी गेलो.

महिन्याभराने बाईंच्या यजमानांनी कार्डाचे विवरण पाहिले. इंदूरच्या पुस्तकाच्या दुकानातून आपण काहीही घेतलेले नाही, असे त्यांनी त्यांच्या बँकेला कळवले. त्यांच्या बँकेने आमच्या बँकेला विचारले आणि आमच्या बँकेने आम्हाला. सही केलेली पावती पाठवली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण मला प्रामाणिकपणाचा झटका आला. पावतीसोबत मी एक सविस्तर पत्र जोडले, की गैरसमज नसावा, हे पैसे पुस्तकांचे नसून फराळाचे आहेत, फराळ माझ्या आत्याने केलेला आहे आणि सोयीसाठी रक्कम आमच्या मशीनवर घेतली. बाईंनी दरम्यान यजमानांना चकल्यांची आठवण करून दिली होती आणि त्यांनी तक्रार मागेही घेतली होती. माझे पत्र मात्र फायलीत राहिले. आठ दिवसांनी एक तरुण अधिकारी आला, दुसऱ्या व्यापाऱ्याचा व्यवहार आपल्या मशीनवर घेणे हा कराराचा भंग आहे, असे त्याने अत्यंत आदबीने सांगितले आणि मशीन पिशवीत घालून घेऊन गेला.

आत्याचे म्हणणे एका वाक्याचे होते. "शेवेचेच पैसे घेतले ना, चोरीचे तर नाही?"

तिच्या प्रश्नाचे उत्तर कार्डव्यवहाराच्या रचनेत आहे. कार्ड देणारी बँक एक, दुकानदाराला पैसे देणारी बँक दुसरी, आणि या दोघींना जोडणारे व्हिसासारखे जाळे तिसरे. ग्राहकाने पैसे दिले आणि माल आलाच नाही, तर त्याची बँक ती रक्कम दुकानदाराच्या बँकेकडून परत घेते, आणि ही दुसरी बँक दुकानदाराकडून वसूल करते. दुकानदार पसार झाला असेल तर तिच्या हाती काही लागत नाही आणि भुर्दंड तिलाच पडतो. म्हणजे दुकानात मशीन ठेवणारी बँक त्या दुकानाला जामीन राहिलेली असते. पुस्तकाच्या दुकानाचा धोका तिने तोलून पाहिलेला असतो, व्यवसायाप्रमाणे त्याला चार आकडी संकेत दिलेला असतो, आणि आगाऊ पैशांबद्दलचा प्रश्न त्यासाठीच असतो. अशा दुकानाने मागच्या दाराने आणखी कोणाचे व्यवहार आत घेतले, तर बँक जिला ओळखत नाही अशा कोणालातरी जामीन राहून बसते. आमच्या बाबतीत ती निरुपद्रवी आत्या होती. दुसऱ्या एखाद्या दुकानामागे लॉटरीवाला किंवा बनावट औषधे विकणारा असू शकला असता. म्हणून कार्डांच्या जाळ्यांनी हा प्रकार पहिल्यापासून निषिद्ध ठरवलेला होता.

ही काळजी काही कार्डांबरोबर जन्माला आलेली नाही. सराफ्याच्या जुन्या व्यवहारात हुंड्यांचे, म्हणजे अमुक रक्कम द्यावी असे लिहिलेल्या चिठ्ठ्यांचे, जे प्रकार होते त्यांत एक शाहजोग हुंडी. तिचे पैसे शाहालाच, म्हणजे बाजारात पत असलेल्या सावकारालाच मिळत. ज्याला बाजार ओळखत नाही अशा माणसाच्या हाती ती आली, तर त्याने एखाद्या शाहाकडे जावे आणि त्याच्यामार्फत रक्कम घ्यावी. पुढे हुंडी खोटी निघाली तर ज्या शाहाने रक्कम उचलली त्याने ती व्याजासह परत करायची, किंवा खोटी हुंडी करणारा माणूस हजर करायचा. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यानेसुद्धा देशी भाषांतल्या अशा दस्तऐवजांच्या स्थानिक रूढी मोडीत काढल्या नाहीत. मला या रचनेत विशेष वाटते ते हे, की अनोळखी माणसाला तिने दार बंद केले नाही. त्याच्यासाठी मधे उत्तरदायी असा एक माणूस उभा केला. आत्याच्या व्यवहारात मी नेमका शाहाच्या जागी उभा होतो. फरक इतकाच की कार्डाच्या नियमपुस्तकात त्या काळी शाहाचे पानच नव्हते.

ते पान का नव्हते, हे कार्डाच्या जन्मकथेवरून कळते. सप्टेंबर १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकेने सुमारे ६०,००० कार्डे न मागता टपालाने लोकांच्या घरी पाठवली. १९६६ पासून हीच योजना इतर बँकांनाही परवान्यावर दिली गेली आणि १९७६ मध्ये तिला व्हिसा हे नाव मिळाले. या साऱ्या काळात दुकानदार म्हणजे पक्के दुकान, पाटी, गल्ला आणि बँकेत खाते असलेला माणूस, हे गृहीत होते. घरून विकणारा, फिरता, हंगामी, आठवड्यातून एकदाच माल मांडणारा असा कोणी त्या चित्रात नव्हता, कारण त्याच्यासाठी एवढी तपासणी करण्याचा खर्च बँकेला परवडणारा नव्हता.

इंटरनेटने हे चित्र बिघडवले. घरातली जुनी बाहुली किंवा कॅमेरा लिलावाच्या संकेतस्थळावर विकणाऱ्या हजारो माणसांना कार्डाचे पैसे घ्यायचे होते आणि कोणतीही बँक त्यांना मशीन देणार नव्हती. पेपालसारख्या कंपन्या मधे उभ्या राहिल्या. बँकेच्या दारात व्यापारी म्हणून त्या स्वतः उभ्या, आणि त्यांच्या पाठीमागे असंख्य लहान विक्रेते. पुढे २०१० मध्ये स्क्वेअर कंपनीने फोनच्या हेडफोनच्या भोकात बसणारा इवलासा चौकोनी वाचक बाजारात आणला आणि ज्याच्या खिशात फोन आहे तो दुकानदार होऊ शकेल अशी सोय झाली. जुन्या नियमांच्या दृष्टीने हे सारे आमच्या दुकानात घडले तसलेच होते, फक्त एका चकलीच्या जागी लक्षावधी चकल्या. त्यांना पिशवीत घालून नेणे शक्य नव्हते, तेव्हा कार्डांच्या जाळ्यांनी नियमच बदलले. मधल्या कंपनीला त्यांनी पेमेंट फॅसिलिटेटर असे नाव दिले, तिच्या मागच्या विक्रेत्याला उपव्यापारी म्हटले, आणि उपव्यापाऱ्याची ओळख पटवण्याची व त्याच्या वागण्याची जबाबदारी त्या कंपनीवर व तिच्या बँकेवर टाकली. विक्रेता मोठा झाला की त्याने थेट बँकेशी करार करावा, अशी मर्यादाही घातली. ती आधी वर्षाला एक लाख डॉलर होती आणि नंतर दहा लाख झाली.

या नियमांतला माझा आवडता तपशील एका चांदणीचा (*) आहे. ग्राहकाच्या विवरणात आधी मधल्या कंपनीचे नाव किंवा त्याची आद्याक्षरे, मग चांदणी, मग खऱ्या विक्रेत्याचे नाव छापले जावे, असे ठरले. ही चांदणी २००६ मध्ये आमच्या वाट्याला आली असती, तर बंगळूरच्या त्या गृहस्थांना दुकानाच्या नावापुढे आत्याचे नाव दिसले असते आणि त्यांना फराळाचा डबा आठवला असता. जो प्रकार आमचा गुन्हा ठरला, त्याच प्रकाराचे पाच-सहा वर्षांत परवानाधारक उद्योगात रूपांतर झाले. हे मी कडवटपणाने म्हणत नाही. आमच्या उसनवारीत आत्याचे नाव कुठेच नव्हते, आणि ती बुडाली असती तर उत्तर कोणी द्यायचे हे लिहिलेले नव्हते. नव्या नियमांनी नेमक्या याच दोन जागा भरल्या.

भारतात हा प्रवास वेगळ्या चिंतेतून झाला. इथे मुख्य प्रश्न असा होता की ग्राहकाने दिलेले पैसे विक्रेत्याकडे पोहोचेपर्यंत मधल्या कंपनीच्या खात्यात पडून राहतात, आणि ती कंपनीच बुडाली तर त्यांचे काय. रिझर्व्ह बँकेने २४ नोव्हेंबर २००९ रोजी निर्देश काढले की असे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, ते खाते बँकेचे अंतर्गत खाते समजले जावे, मधल्या कंपनीला त्यातून मन मानेल तसे पैसे काढता येऊ नयेत, आणि विक्रेत्याला रक्कम दोन-तीन दिवसांत मिळावी. कंपनीवर थेट हात न टाकता बँकेमार्फत तिला आवरण्याची ही पद्धत दहा वर्षे चालली. मग १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी या कंपन्यांना पेमेंट ॲग्रीगेटर म्हणून स्वतःचा परवाना घ्यायला लावले. अर्ज करताना १५ कोटी आणि पुढे तिसऱ्या वर्षाअखेर २५ कोटी रुपयांचे निव्वळ मूल्य हवे, पैसे एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच वापरता येणाऱ्या बँकेतल्या वेगळ्या खात्यात हवेत. केवळ तांत्रिक वाट पुरवणाऱ्या आणि पैशाला हात न लावणाऱ्या गेटवेला यातून वगळले. ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीने हा धंदा आपल्या बाजारापासून वेगळा करावा, असेही सांगितले. समोरासमोरचा व्यवहार मात्र, म्हणजे दुकानातले मशीन आणि ठेल्यावरचा क्यूआर, या चौकटीबाहेर राहिला. त्याच्यासाठी एप्रिल २०२४ मध्ये मसुदा आला आणि सप्टेंबर २०२५ च्या एकत्रित निर्देशांत ऑनलाइन, प्रत्यक्ष आणि परदेशी अशा तिन्ही व्यवहारांचे ॲग्रीगेटर एका छत्राखाली आले. आमच्या पिशवीतल्या मशीनपासून मोजले तर एकोणीस वर्षे.

दलालीचा मुद्दा वेगळाच आहे, पण तो टाळता येत नाही. हुंडीवर जी हुंडणावळ कापली जाई तिचा आजचा अवतार म्हणजे एमडीआर, दर व्यवहारामागे दुकानदाराच्या रकमेतून कापली जाणारी टक्केवारी. डेबिट कार्डांसाठी २०१२ मध्ये तिच्यावर मर्यादा आली ती व्यवहाराच्या रकमेवरून, २,००० रुपयांपर्यंत ०.७५ टक्के आणि त्यावर एक टक्का. १ जानेवारी २०१८ पासून ती दुकानदाराच्या आकारावरून ठरू लागली. ज्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत त्याला जास्तीत जास्त ०.४० टक्के, इतरांना ०.९० टक्के. लहान दुकानदार ही वेगळी जात आहे हे नियमाने मान्य केले, याचे मला त्या वेळी खरोखर अप्रूप वाटले. दोनच वर्षांनी, १ जानेवारी २०२० पासून, रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवरची हुंडणावळ शून्य झाली. विकणाऱ्याला आनंदच झाला, पण जामीन राहणाऱ्याने फुकट जामीन राहावे ही अपेक्षा कोणत्याही सराफ्यात टिकली नसती, आणि इथेही ती टिकलेली नाही. पैसे आल्याचे मोठ्याने सांगणाऱ्या बोलक्या डब्याचे महिन्याचे भाडे, दुकानदाराला दिलेले कर्ज आणि सरकारकडून मिळणारा लहान व्यवहारांवरचा प्रोत्साहन निधी अशा वाटांनी ती रक्कम परत येतेच. नाव फक्त बदलते.

या साऱ्याची गंमत पाहायची तर रात्री दहानंतर इंदूरच्या सराफ्यात जावे. दिवसा जिथे सोन्याचांदीचे व्यवहार होतात त्याच ओट्यांवर रात्री भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटीस, दहीबडे आणि थंडीत गराडू हा तळलेला कंद मिळतो. एका ओट्याचे दोन मालक, एक उजेडाचा आणि एक अंधाराचा. गराडूवाल्यासाठी सराफाने आपले मशीन रात्री उघडे ठेवले असते तर ते आमच्यासारखेच गेले असते. २०१७-१८ च्या सुमारास मात्र त्याच्या गाडीच्या काचेवर तीन-चार कंपन्यांची क्यूआरची चित्रे डकवलेली होती आणि ग्राहक आपल्या फोनातले ॲप कोणत्या चित्रावर चालते हे हुडकत उभा राहत असे. मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद करण्यासाठी १९९४ मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या या चौकटीवर मालकी हक्क सांगण्याची ही चढाओढ अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये थांबली. नवे खासगी क्यूआर काढू नयेत आणि जुने ३१ मार्च २०२२ पर्यंत परस्परांना चालतील असे करावेत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आला. आता काचेवर एकच चित्र असते. गराडूवाला तेलातून झारा काढताना मान न वळवता बोलक्या डब्याचा आवाज ऐकतो आणि विचारतो, "भिया, नींबू ज्यादा?"

त्या चित्रामागे त्याची जी नोंद असते ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. यूपीआयमध्ये व्यक्ती आणि व्यापारी या दोहोंच्या मधे ती चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने आणखी एक वर्ग केला, महिन्याची आवक ठरावीक मर्यादेच्या आत असलेला असंघटित विक्रेता; ही मर्यादा सुरुवातीला ५०,००० रुपये होती. जो पूर्ण दुकानदार नाही आणि नुसता खातेदारही नाही, अशा माणसासाठी नियमात केलेली ही जागा आहे. १९५८ च्या चित्रात जो दिसत नव्हता तो इथे दिसू लागला. मात्र दिसणे आणि पत असणे या दोन गोष्टी आहेत. माझ्या माहितीतल्या एका चहावाल्याचे खाते एका बँकेने गोठवले, कारण कोणा अनोळखी गिऱ्हाइकाने दिलेले चाळीस रुपये दूरच्या राज्यातल्या एखाद्या फसवणुकीच्या पैशांतून आले होते. चाळीस रुपयांसाठी सारे खाते बंद. त्याने शाखेत खेपा घातल्या, अर्ज लिहिले, आणि महिनाभर मुलाच्या नावाने चित्र लावून धंदा केला, म्हणजे पुन्हा उसनवारीच. त्याच्या बाजूने उभा राहून "हा माणूस मला माहीत आहे" असे सांगणारा शाह त्या साखळीत कुठे असतो, हे मला अजून सापडलेले नाही. पैसे आत घेण्याची वाट नियमांनी उत्तम बांधली. वाटेत अडकलेल्याने कोणाला हाक मारायची, हा भाग कच्चाच राहिला आहे.

आत्या आता सत्तरीत आहे आणि तिचेही चित्र आहे. २०२४ च्या पावसाळ्यात ते देणाऱ्या कंपनीने कळवले की सर्व लहान विक्रेत्यांची जागेवर जाऊन पडताळणी होणार आहे, आणि त्याप्रमाणे पाठीवर पिशवी अडकवलेला, भिजलेला एक मुलगा तिच्या दारात आला. त्याने पॅन पाहिले, बँकेच्या पुस्तकाचा फोटो घेतला, आणि मग दुकान कुठे आहे असे विचारले. आत्याने स्वयंपाकघर दाखवले. मुलगा अडचणीत पडला. त्याच्या फोनमध्ये दुकानाच्या दर्शनी भागाचा फोटो मागणारा रकाना होता आणि त्यात पाटी दिसणे आवश्यक होते. पाटी नाही तर मंजुरी नाही.

"पाटी कशाला? सगळ्या रामबागेला माझे घर माहीत आहे," आत्या म्हणाली.

"आजी, माझ्या फोनला माहीत नाही," तो मुलगा म्हणाला, आणि हे उत्तर तिला पटले.

मग शेजारच्या नातवाने वहीच्या पुठ्ठ्यावर जाड पेनाने "फराळ मिळेल" असे लिहून दिले. आत्याने साडी बदलली, भाजणीचा मोठा पितळी डबा पाटावर ठेवायला लावला, आणि पुठ्ठा छातीशी धरून दारात उभी राहिली. पहिला फोटो अंधारा आला, दुसऱ्यात तिचे डोळे मिटले होते, तिसरा मुलाने पाठवला. दोन दिवसांनी मंजुरी आली. पुठ्ठा तिने दाराच्या खिळ्याला अडकवला तो अजून तिथेच आहे, आणि भर जूनमध्ये माणसे बेल वाजवून चकली मागतात.